उंबरखड्याच्या विहिरीत बावीस फूट पाणी

पंचवीस फेब्रुवारी १९८७, बुधवार, हा कमलच्या आयुष्यातला शेवटचा साधा दिवस. त्यानंतरचे सगळे दिवस शासकीय होते.

त्या सकाळी साडेदहाला ज्ञानोबा तात्या तेरकडून येणाऱ्या एसटीतून उतरले, धोतराचा सोगा झटकला आणि उस्मानाबादच्या टंचाई तक्ता कक्षाबाहेर वहाणा काढून आत आले. वहाणा काढायची गरज नव्हती. पण लेक जिथं खुर्चीवर बसते तिथं पायात काही घालून जायचं नाही, असा अध्यादेश त्यांनी स्वतःपुरता काढला होता.

ज्ञानोबा तात्या, घरात आण्णा, हे कमलचे वडील आणि उंबरखडा गावचे मानद पाणीमोजे. हा मान त्यांना मिळाला, कारण गावातला सगळ्यात लांब दोर त्यांच्याकडं होता. दोराला फुटाफुटावर गाठ आणि टोकाला दगड. दर मंगळवारी तो गावच्या विहिरीत सोडायचा, ओल्या झालेल्या गाठी मोजायच्या, आकडा प्रपत्रात लिहायचा आणि बुधवारी कक्षात पोचवायचा. दिवाळीपासून एकही गाठ ओली झाली नव्हती.

"घ्या बंडप्पा," म्हणत तात्यांनी प्रपत्र टेबलावर ठेवलं.

हेडक्लार्क बंडप्पांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. गावामागं आठ बाबी भरायच्या असत: माणसं, जनावरं, विहिरी, विहिरीतल्या पाण्याची खोली, कूपनलिका, चारा, रोजगार हमीवरचे मजूर आणि टँकरच्या खेपा. तात्यांनी सात बाबी सुवाच्य भरल्या होत्या. पाण्याच्या खोलीची जागा कोरी होती.

"अजून कोरीच का, तात्या?"

"कोरीच म्हना."

बंडप्पांनी तांबड्या शाईची दौत ओढली आणि उंबरखड्यापुढं लिहिलं, 'टँकर, रोज दोन खेपा'.

विहीर आटली तरी तिच्यापुढं शून्य लिहायचं नाही, ही उंबरखड्याकडच्या जुन्या माणसांची रीत. कुंकू संपलं तरी 'वाढलं' म्हणतात, दिवा विझवत नाहीत, शांत करतात, तसंच हे. पाण्याच्या नावापुढं शून्य मांडलं की पाणी रुसतं. जागा कोरी ठेवली की त्याला परत यायला वाट राहते. तो शब्द विहिरीपाशी तोंडातून काढायलाही बंदी होती. कमलनं सहा वर्षांची असताना एकदा काठावर उभं राहून तो काढला होता. वडिलांनी तिला आयुष्यात मारलेली ती एकच चापट. शासनाला ही रीत ठाऊक नव्हती, पण बंडप्पांना होती आणि तेवढ्यावर जिल्ह्याचं चाललं होतं. यादीत शहाण्णव टंचाईग्रस्त गावं होती. ज्या गावापुढं कोरी जागा, तिथं टँकर आधी.

"तुज्या मायनं दशम्या दिल्यात," तात्यांनी फडक्याची गाठ कमलच्या टेबलावर ठेवली. "आन ती मशीन कवा येतीय म्हनं?"

"सोमवारी, आण्णा."

"मंग बंडप्पाचं काय?"

"ते शनिवारी रिटायर होतायत."

तात्यांनी जरा विचार केला. "मशीनला समदं ठावं असतंय, न्हाई?"

"आपण सांगू तेवढंच ठाऊक असतं तिला."

"मंग नीट सांग बरं का माय," म्हणून ते हसले, वहाणा घातल्या आणि साडेबाराची एसटी धरायला निघून गेले.

सोमवारी यंत्र आलं. यंत्राला गारवा लागतो म्हणून कूलर आला, कूलरला रोज सहा घागरी पाणी लागतं म्हणून टँकरची एक खेप कक्षाकडं वळवण्यात आली. अशा रीतीनं टंचाई दूर करणारं यंत्र जिल्ह्यातलं सत्त्याण्णवावं टंचाईग्रस्त गाव ठरलं. त्याची मागणी त्याच दिवशी मंजूर झाली, हा फरक.

यंत्राशी बोलायला एक सांख्यिकी भाषा होती. ती अख्ख्या जिल्ह्यात एकट्या कमलला येत होती, कारण पुण्याच्या तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला जायला बाकी सगळ्यांनी मूळव्याधीची प्रमाणपत्रं दिली होती. मुंबईहून परिपत्रकही येऊन पडलं होतं: 'यापुढे टंचाई तक्ते फिरवून पाठवावेत. डावीकडे खाली-खाली गावे असतात, तिथे बाबी याव्यात; वर आडव्या बाबी असतात, तिथे गावे यावीत.' का, ते परिपत्रकात नव्हतं. परिपत्रकात तसं नसतंच.

कमलनं एका ओळीची आज्ञा लिहिली आणि कळ दाबली. डोळ्याचं पातं लवायच्या आत शहाण्णव गावं डावीकडून उठून वर आडवी झोपली आणि आठ बाबी खाली शिस्तीत उभ्या राहिल्या. हेच काम हातानं करायला बंडप्पांना नऊ दिवस आणि दोन शिसपेन्सिली लागल्या असत्या.

कक्षाधिकारी कल्याणप्पा साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. "परत करा."

कमलनं पुन्हा कळ दाबली. गावं उभी झाली.

"परत."

गावं आडवी झाली. साहेब लहान पोरासारखे खिदळले. त्या आठवड्यात तक्ता फिरताना पाहायला तीन तहसीलदार, एक सहकारी सूतगिरणीचे चेअरमन आणि त्यांच्या सासूबाई येऊन गेल्या. सासूबाईंनी यंत्राला हळदकुंकू लावलं. कमललाही खोटं कशाला सांगा, मजा येत होती. आपल्या एका बोटावर जिल्हा कुशीवर वळतो, ही भावना तिसाव्या वर्षी कुणाच्या डोक्यात जाणार नाही?

अडचण एवढीच, की छपाईच्या कागदाची रुंदी ठरलेली होती. त्यात आडवी पंधरा गावं मावत. शिवाय वरच्या नावाला यंत्र इंग्रजी आठच अक्षरं देई. तांबरवाडी बुद्रुक आणि तांबरवाडी खुर्द ही दोन गावं एकाच नावाची निघाली आणि पाण्यावरून, देवळावरून, पोळ्याच्या मानावरून तीन पिढ्या चाललेलं त्यांचं भांडण शासनाच्या लेखी मिटलं.

"बाकीची गावं कुठायत?" साहेबांनी विचारलं.

"कागद संपला, साहेब. पंधराच बसली."

"उरलेली एक्याऐंशी?"

"कागदाबाहेर आहेत."

साहेबांनी पानाची पिंक खिडकीबाहेर नेऊन टाकली आणि प्रसन्न होऊन परत आले. "कमलबाई, जे गाव टंचाईच्या कागदावर नाही त्याला टंचाईग्रस्त कसं म्हणायचं? लिहा. टंचाईग्रस्त गावं शहाण्णववरून पंधरावर."

मुंबईहून आठ दिवसांत अभिनंदनाची तार आली. एका पैचा खर्च न करता एक्याऐंशी गावांची टंचाई हटवणारा हा राज्यातला पहिला जिल्हा होता. त्या गावांतली माणसं घागरी घेऊन कक्षावर आली तेव्हा साहेबांनी त्यांना कागदाची रुंदी प्रत्यक्ष टेपनं मोजून दाखवली.

उंबरखडा मात्र पंधरात होतं. मराठी अक्षरक्रमानं गावाचा नंबर पाचवा, म्हणून. बुधवारी तात्या आले ते छाती काढूनच.

"सरपंच बब्रुवान म्हनत हुता, तात्या, तुमच्या लेकीमुळं गाव कागदात ऱ्हायलं. म्या म्हनलं, न्हाई बाबा, तिथं वशिला न्हाई. मशीन हाय ती."

"अक्षरामुळं राहिलं, आण्णा. उ अलीकडं येतो म्हणून."

"मंग गावाचं नाव ठिवनारा शाना म्हनायचा," तात्या म्हणाले आणि कोरी जागा असलेलं प्रपत्र त्यांनी बंडप्पांच्या रिकाम्या टेबलावर ठेवलं. तांबडी दौत तिथंच होती. वाळली होती.

एक्याऐंशी गावांचा आरडाओरडा वर पोचला तेव्हा दुसरं परिपत्रक आलं: 'तक्ता आडवा नको. लांब करावा. एका ओळीत एक गाव, एक बाब, एक आकडा.' कमलनं दुसरी आज्ञा लिहिली. तक्त्याचा उकलून दोरा झाला. उंबरखडा, माणसं, चारशे बारा. उंबरखडा, जनावरं, एकशे नव्वद. असं करत एकेका गावाच्या आठ-आठ ओळी पडल्या. शहाण्णव गुणिले आठ, सातशे अडुसष्ट ओळी. कागदाची घडी उलगडली तर कक्षाच्या दारातून निघून बोळातल्या चहाच्या टपरीपर्यंत गेली. टपरीवाल्यानं तिच्यावर किटली ठेवली.

मुंबईत ओळी मोजण्यात आल्या आणि ओळ म्हणजे गाव, असं धरण्यात आलं. पत्र आलं: 'आपल्या यादीत सातशे अडुसष्ट गावे दिसतात. सहाशे बहात्तर नवी गावे कोणाच्या मंजुरीने वसवली? तसेच काही गावांत केवळ जनावरे असून एकही माणूस नाही. तेथील ग्रामपंचायतीची निवडणूक कशी घेतली याचा खुलासा करावा.'

खुलासा जायच्या आत पथकच आलं. दोन अधिकारी दोन दिवस जीपमधून जनावरांचं गाव शोधत हिंडले. शेवटी मुरुमच्या बाजूला एका चारा छावणीत त्यांना तीनशे गुरं दिसली आणि जवळ माणूस असा नव्हता, कारण छावणीवाले जेवायला गेले होते. पथकानं समाधान व्यक्त केलं. अहवालात लिहिलं, 'गाव अस्तित्वात आहे. रहिवासी शांत आहेत. मागणी फक्त चाऱ्याची.'

हे वाचून कमल इतकी हसली, की तिला टेबलाला धरून बसावं लागलं. बुधवारी तिनं ते तात्यांना वाचून दाखवलं. तात्यांनी डोळे पुसले. म्हणाले, "त्येंचा सरपंच बैल असंल न्हाईतर म्हैस. तरीबी आमच्या बब्रुवानापरीस बरा."

दोघं बापलेक असे हसत असताना साहेब आत आले. हातात तिसरं पत्र होतं.

"कमलबाई, सातशे अडुसष्ट फार होतात म्हणे. बोगस गावं काढून टाका. ज्या ओळीत आकडाच नाही, ती ओळ बोगस. यंत्राला तशी आज्ञा देता येते का?"

"येते," कमल म्हणाली.

येत होती. एका शब्दाची आज्ञा होती. पण बोट कळीवर ठेवून ती क्षणभर थांबली. आकडा नसलेल्या ओळी कोणत्या, हे तिला न बघताही माहीत होतं. सातशे अडुसष्ट ओळींत एकच बाब अशी होती, जिच्यापुढं माणसं जागा कोरी सोडत. त्यातली एक जागा सोडणारा माणूस समोर बाकावर बसून फडक्यानं डोळे पुसत होता. तिनं तोंड उघडलं. पण साहेब घाईत होते, दारात जीप चालू होती, आणि तिला वाटलं, पुढच्या बुधवारी दुरुस्त करता येईल. पुढचा बुधवार हा सरकारी नोकरीतला सगळ्यात मोठा आधार असतो.

तिनं कळ दाबली. अकरा ओळी गेल्या. राहिल्या सातशे सत्तावन्न. 'अकरा बोगस गावे आढळून आली, ती कमी करण्यात आली आहेत,' असं उत्तर त्याच दिवशी गेलं.

वरून चौथं पत्र आलं ते असं, की झालं तेवढं पुरे, तक्ता आता पूर्वीसारखा करून पाठवा. कमलनं दोरा पुन्हा गुंडाळला. डावीकडं शहाण्णव गावांची नावं, वर आठ बाबी, सगळं बंडप्पांच्या काळासारखं. फक्त पाण्याच्या खोलीचे आकडे आता पंच्याऐंशीच उरले होते. नावांची रांग वेगळी, आकड्यांची वेगळी. यंत्रानं वरून सुरुवात करून एका नावाला एक आकडा असे ते वाटून टाकले. मास्तरांनी गैरहजर पोरं रांगेतून वगळावीत आणि उरलेल्यांना हजेरीतली नावं पहिल्यापासून वाटत जावं, तसं झालं. पहिला गैरहजर पाचव्या नंबरवर होता. म्हणून पाचव्या गावाला सहाव्याचं पाणी मिळालं, सहाव्याला सातव्याचं, आणि असं करत अख्ख्या जिल्ह्यानं खालच्या गावाची विहीर वर ओढून घेतली. शेवटच्या अकरा गावांना काहीच उरलं नाही. त्यांच्या ग्रामसेवकांना माहिती न दिल्याबद्दल नोटिसा गेल्या.

सहावं गाव होतं कासारकुंड. पाझर तलावाच्या पोटाशी बसलेलं. त्याच्या विहिरीला बावीस फूट पाणी होतं.

दहा फुटांपेक्षा जास्त पाणी असेल तिथं टँकर नाही, असा नियम होता. पाच एप्रिलला उंबरखड्याचा टँकर बंद झाला. आठ एप्रिलला, बुधवारी, तात्या आले ते बरोबर सरपंच बब्रुवानला घेऊन.

"सायब, टँकर बंद झालाय," बब्रुवान म्हणाला. "चारशे मानूस हाय गावात. बाया दोन कोस चालत कासारकुंडाला जात्यात."

साहेबांनी तक्ता उलगडला. "उंबरखडा. बावीस फूट. सरपंच, एवढं पाणी मला बंगल्यात नाही."

"कुनाच्या हिरीत बावीस फूट?"

"तुमच्या."

"आवं, हिरीत पाली फिरायल्यात!"

"पालींची बाब तक्त्यात नाही."

"तात्या दर मंगळवारी दोर सोडतेत. इचारा की त्यास्नी."

साहेबांनी तात्यांकडं पाहिलं. "दोर प्रमाणित आहे का? शिक्का आहे का दोरावर? नाही ना? मग दोर कोरडा निघतो तो दोराचा दोष. प्रमाणित दोरासाठी अर्ज करा."

तात्या तक्त्याकडं बघत होते. तीन-तीनदा बोट फिरवून त्यांनी आपल्या गावाची ओळ वाचली. मग कमलकडं वळले.

"ह्ये मशीननं काडलंय का तू?"

"दोघांनी," साहेब मध्येच म्हणाले. "तुमच्या मुलीसारखी हुशार बाई अख्ख्या जिल्ह्यात नाही, तात्या. तिच्या आज्ञेशिवाय त्यात काडी हलत नाही."

कमलला तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. आण्णा, ते पाणी कासारकुंडाचं आहे. पाच शब्द. त्यापुढं दुसरं वाक्य आलं असतं, की तुमची कोरी जागा मीच काढून टाकली, आणि मग साहेबांचं तोंड, चौकशी, नोकरी. तिच्या टेबलावर अर्धवट लिहिलेलं दुरुस्तीचं प्रपत्र होतं. त्यात 'आकडा बदलण्याचे कारण' या रकान्यात 'विहीर बदलल्यास दाखला जोडावा' असं छापलेलं होतं.

"तपासते मी, आण्णा," ती म्हणाली. "पुढच्या बुधवारपर्यंत."

"तपास की," तात्या म्हणाले. पण त्यांचा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता इतका उजळला होता. दाराबाहेर वहाणा घालताना ते बब्रुवानला म्हणत होते, ते तिला ऐकू आलं. "बब्रू, माजी लेक लिवती म्हंजी काय तरी असनार. पानी कुटंतरी असंल. आपल्यालाच घावलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी बब्रुवान एकटा आला. त्यानं वहाणा काढल्या नाहीत.

"ताई, चला," तो म्हणाला. "तात्या पहार घिऊन हिरीत उतरले हुते. म्या लई म्हनलं, नगा. तर म्हनले, बावीस फूट हाय कागदात, झरा दगडाआड दबलाय, वाट मोकळी करतो. निम्म्यात पायरीचा दगुड निसटला."

पंचनाम्याला तलाठी वीरप्पा आले. सावली बघून बसले, वही काढली.

"मयताचं कारण?"

"पडून," बब्रुवान म्हणाला.

"कशात?"

"हिरीत."

वीरप्पांनी पिशवीतून तक्त्याची प्रत काढली. "ह्या विहिरीत बावीस फूट पाणी आहे. बावीस फूट पाण्यात माणूस पडून मरत नाही. बुडून मरतो."

"तलाठीसाहेब, खाली वाकून बगा की जरा."

"वाकून बघायचं तर कागद कशाला काढलाय सरकारनं?"

"आवं, कपडे कोरडे हैत त्येंचे!"

वीरप्पांनी आभाळाकडं पाहिलं. "चैताचं ऊन आहे," ते म्हणाले आणि लिहिलं, 'बुडून. कपडे सुकले.'

बुडून मेलेल्या माणसाला शेवटची आंघोळ घालायला गावात पाणी नव्हतं. केशरबाई, कमलची आई, दोन घागरी घेऊन कासारकुंडाच्या वाटेला लागली तेव्हा कमलनं तिच्या हातातली एक घागर घेतली. वाटेत आईनं एकदाच विचारलं, "तू म्हनली हुतीस ना गं, मशीनला आपन सांगू तेवढंच ठावं असतंय?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तेच सांगायचे. समद्या गावाला."

तिसऱ्या दिवशी साहेब जीपमधून भेटायला आले. सुताराकडून करून घेतलेला एक फलकही त्यांनी आणला होता. "कमलबाई, तुमच्या वडिलांनी शासनाच्या आकड्यावर जीव टाकला. असे नागरिक राहिले नाहीत," ते म्हणाले आणि त्यांचा आवाज खरोखर भरून आला. टंचाईच्या यादीतल्या गावात बुडून मृत्यू झाला, यावरून टंचाई संपल्याचं निर्विवाद सिद्ध होत असल्यानं उंबरखडा यादीतून वगळण्यात आलं. फलक विहिरीवर लावण्यात आला. 'पाणी खोल आहे. पोहण्यास सक्त मनाई.'

एप्रिलच्या अखेरीस कक्षाचा गौरव झाला. राज्यात सगळे तक्ते मुंबईला परत जात, कारण त्यांत कुठं ना कुठं जागा कोरी असे. या कक्षाचा तक्ता हा पहिला, ज्यात पंच्याऐंशी गावांपुढं एकही कोरी जागा नव्हती. उरलेल्या अकरा गावांवर कारवाई चालू होती, तोही गौरवाचाच भाग. सभागृह भरलं होतं. अधिकारी, चेअरमन, त्यांच्या सासूबाई, वर्तमानपत्रवाले. प्रत्येकाच्या हातात मुंबईला गेलेल्या त्याच तक्त्याची एक-एक प्रत होती. बाया त्या प्रतींनी वारा घेत होत्या. व्यासपीठावर पाण्याचे सहा ग्लास भरून, वर बशा झाकून ठेवले होते.

साहेबांनी भाषणात जनावरांच्या गावाची गोष्ट सांगितली. रंगवून सांगितली. म्हैस सरपंच कशी झाली तेही त्यांनी घातलं. ते वाक्य त्यांनी कुठून घेतलं हे कमलला माहीत होतं. सभागृह पोट धरून हसलं. मागच्या रांगेत कुणी तरी म्हशीसारखं हंबरलं, मग पुन्हा हसू पिकलं. त्या हशातच कमलचं नाव पुकारलं गेलं.

तिनं नमस्कार केला. ग्लास बाजूला सरकवून तिथं पिशवीतला दोर ठेवला. गाठीचा, टोकाला दगड असलेला.

"मी जास्त बोलणार नाही," ती म्हणाली. "हा दोर माझ्या वडिलांचा. याच्यावर शिक्का नाही. काल मी तो आमच्या विहिरीत सोडला होता. तुमच्या हातातल्या कागदावर पाचवी ओळ बघा."

कागद सळसळले.

"बावीस फूट लिहिलंय. आता सगळा कागद बघा. वरपासून खालपर्यंत. दुष्काळाच्या या तिसऱ्या वर्षी एकही कोरडी विहीर दिसते का? नाही. यंत्र चुकलं नाही. त्याला सांगितलं तेवढंच त्यानं केलं. कोरी जागा म्हणजे काय, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. वडील समोर बसले होते, तरी मी ती काढली. ते परत येऊन विचारत होते, तेव्हाही मी बोलले नाही."

"कमलबाई," साहेब हळूच म्हणाले, "आभार माना आणि बसा."

"मानते. तुम्ही मघाशी जनावरांच्या गावाला हसलात. मीही हसले होते, वडीलही हसले होते. आपण सगळे हसत होतो, तेवढ्यात अकरा ओळी गेल्या. कागद तुमच्या हातात तासभर आहे. कुणाला काही कमी वाटलं नाही."

सभागृहात वारा घेणारे कागद थांबले होते. कमलनं दोराची शेवटची गाठ उचलली. ती बोटांना खरखरीत, कोरडी लागली. जो शब्द विहिरीपाशी कधी काढायचा नाही, ज्यासाठी एकदा चापट बसली होती, तो तिनं माइकजवळ तोंड नेऊन, एकेक अक्षर वेगळं करून म्हटला.

"आण्णा, उंबरखडा. शून्य."